गटे खरोखर नाचला होता का? वायमारमधील एक हिवाळी दिवस

१/
मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली एक गोष्ट आहे. कालिदासाचे ‘शाकुंतल’ वाचून जर्मन महाकवी गटे इतका हर्षभरित झाला, की तो ग्रंथ डोक्यावर घेऊन तो नाचला! संस्कृतच्या तासाला, वक्तृत्व स्पर्धेत, सत्कार समारंभातील भाषणात ही गोष्ट हमखास भेटते. एका जानेवारीत जर्मनीत शिकणारे चार मराठी मित्र या नाचाची जागा पाहण्यासाठी वायमारला गेले. परतताना त्यांच्याजवळ वेगळेच काही होते. त्या दिवसाची आणि त्या गावाची ही हकीकत. #थ्रेड

२/
चौघेही येना या विद्यापीठाच्या गावी राहणारे. येनाहून वायमार आगगाडीने जेमतेम वीस मिनिटांवर. त्यांच्यातील एक वाईची. तिचे आजोबा तेथील शाळेत तीस वर्षे संस्कृत शिकवीत होते. दुसरा लातूरचा, जर्मनीस येण्यापूर्वी दोन वर्षे राज्यसेवेच्या परीक्षेत घालविलेला. तिसरी नागपूरची; येऊन तीनच महिने झालेली आणि बर्फ प्रथमच पाहणारी. चौथा मडगावचा, कोणत्याही गावी गेला, की तेथे काय खायला मिळते याची चौकशी आधी करणारा.

३/
सहलीचे कारण वाईच्या आजोबांचे होते. वय ८६. नात येनाला गेली तेव्हा त्यांनी नकाशा उघडून वायमार किती जवळ आहे हे पाहून ठेवले होते. त्यांची मागणी एकच: “गटे ज्या खोलीत नाचला, त्या खोलीचा एक फोटो पाठव.” दरवर्षी दहावीच्या वर्गाला ‘शाकुंतला’तील वेचा शिकविण्याआधी ते ही गोष्ट सांगत. मुले हसत, आणि मग लक्ष देऊन ऐकू लागत. तीस वर्षांत ही युक्ती एकदाही फसली नव्हती.

४/
वायमार हे इल्म नदीकाठचे सुमारे ६५ हजार वस्तीचे गाव. स्टेशनातून बाहेर पडल्यावर अर्ध्या तासात पायी पालथे घालता येईल एवढेच. तथापि युरोपच्या इतिहासात या गावाने व्यापलेली जागा त्याच्या आकाराला मुळीच शोभत नाही. १७५६ मध्ये सोळा वर्षांची आना अमालिया लग्न होऊन या लहानशा संस्थानात आली, आणि दोन वर्षांत विधवा झाली. अल्पवयीन मुलाच्या नावे तिने १७७५ पर्यंत कारभार पाहिला. मुलाचा शिक्षक म्हणून तिने १७७२ मध्ये वीलांड हा नामांकित लेखक आणला. संस्थान लहान आणि खजिना रिकामा. कीर्ती मिळवायची, तर माणसांच्या बळावर.

५/
१७७५ च्या नोव्हेंबरात सव्वीस वर्षांचा गटे आला. त्याच्यामागून १७७६ मध्ये हेर्डर, आणि १७९९ मध्ये शिलर कायमचा राहावयास आला. त्याही आधी १७०८ ते १७१७ या काळात बाख येथल्या दरबारी नोकरीत होता. नोकरी सोडण्याचा हट्ट धरल्याबद्दल त्याने येथे सुमारे चार आठवडे कैदही भोगली. ज्या रस्त्यांवरून ही माणसे एकमेकांच्या घरी चालत जात, त्या रस्त्यांवर त्या सकाळी घोट्याएवढा बर्फ होता. नागपूरची मैत्रीण पहिल्या शंभर पावलांतच दोनदा घसरली. मग चौघे एकमेकांच्या बाह्या धरून चालू लागले.

६/
फ्राउएनप्लान या चौकातील गटेचे पिवळट रंगाचे घर बाहेरून भारदस्त वाटते. आत उंबरठ्यापाशी लॅटिनमध्ये ‘साल्वे’ ही अक्षरे आहेत: या, स्वागत असो. पुढच्या खोल्या पाहुण्यांसाठी. प्रत्येकीचा रंग वेगळा, ठिकठिकाणी पुतळे आणि शिल्पांच्या प्रतिकृती. मागच्या बाजूची अभ्यासिका मात्र साधी. तिला लागून एक चिंचोळी झोपायची खोली, एक पलंग आणि एक आरामखुर्ची. २२ मार्च १८३२ रोजी गटेने प्राण सोडला तो याच खुर्चीत.

७/
वाईच्या नातीने तेथील वृद्ध परिचारिकेला धीर करून विचारले, “हिंदुस्थानी नाटक डोक्यावर घेऊन ते नाचले, ती खोली कोणती?” त्या बाईंनी प्रश्न दोनदा ऐकून घेतला. मग आदबीने म्हणाल्या, की पस्तीस वर्षांत हे कोणी विचारले नव्हते. कोणत्या नाटकाबद्दल आपण बोलता आहात? मडगावच्या मित्राने खिडकीकडे तोंड फिरवून हसू दाबले. नातीला हसू आले नाही. ज्या घरात ती गोष्ट घडली असे सांगितले जाते, त्या घरालाच तिचा पत्ता नव्हता.

८/
मग खरे काय घडले? १७८९ मध्ये कलकत्त्यात न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्सने ‘शाकुंतला’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यावरून गेओर्ग फोर्स्टरने १७९१ मध्ये ते जर्मनमध्ये आणले. हा फोर्स्टर म्हणजे कॅप्टन कुकबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला प्रवासी आणि पुढे फ्रेंच राज्यक्रांतीचा कैवारी. गटेच्या हाती पडले ते हे भाषांतराचे भाषांतर. संस्कृत त्याला कधीच येत नव्हते.

९/
त्याच वर्षी गटेने या नाटकावर चार ओळींची कविता लिहिली. वसंतातील फुले आणि शरदातील फळे, पृथ्वी आणि स्वर्ग, हे सारे एका शब्दात सांगायचे असेल तर शकुंतलेचे नाव घ्यावे, असा तिचा आशय. हे प्रेम क्षणिक नव्हते. जवळजवळ चाळीस वर्षांनी, १८३० मध्ये, पॅरिसच्या शेझी या पंडिताने मूळ संस्कृत पाठ फ्रेंच भाषांतरासह छापला, तेव्हा ८१ वर्षांच्या गटेने त्याला पत्र लिहून पुन्हा तोच आनंद व्यक्त केला. ‘फाउस्ट’च्या आरंभी नाट्यगृहातील जो प्रवेश आहे, तो संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेवरून सुचला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

१०/
कविता आहे, पत्र आहे, प्रभाव आहे. नाच मात्र नाही. मग मराठी मनाला कविता पुरी का पडली नाही? उत्तर एकोणिसाव्या शतकात शोधावे लागते. राज्य गेले होते. तुमच्या विद्येत घेण्यासारखे काही नाही, असे राज्यकर्ते सांगत होते. अशा काळात युरोपातील सर्वांत मोठा कवी आपल्या नाटकावर लुब्ध झाला, ही वार्ता म्हणजे अपमानावरचे औषध होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, ते याच वातावरणात. गटेचे केवळ वाचणे पुरेसे नव्हते. लोकांना त्याला नाचताना पाहायचे होते.

११/
घराबाहेर पडल्यावर नातीपुढे प्रश्न उभा राहिला. आजोबांना काय कळवायचे? लातूरचा मित्र म्हणाला, “कुठल्याही खोलीचा फोटो पाठव की. ८६ वर्षांच्या माणसाला खोटं ठरवून काय मिळणारेय?” नागपूरची म्हणाली, “शिक्षक आहेत ते. त्यांना खोटा फोटो पाठवशील?” नातीने दोघांनाही उत्तर दिले नाही. भारतात तेव्हा दुपार होती. रात्री साडेनऊला आजोबांचा व्हिडिओ कॉल ठरलेला होता. म्हणजे वायमारच्या घड्याळात पाच वाजता. तोवर वेळ होता.

१२/
पुढचा मुक्काम नाट्यगृहासमोरचा चौक. येथे १८५७ मध्ये उभारलेला गटे आणि शिलर यांचा जोडपुतळा आहे. दोघांच्या हातांमध्ये एकच पुष्पहार. शिलर प्रत्यक्षात गटेपेक्षा बराच उंच होता. शिल्पकार रीत्शेलने दोघांना एका उंचीचे केले. गावाच्या राजघराण्याच्या समाधिगृहात दोघांच्या शवपेट्या शेजारी ठेवलेल्या आहेत. पण २००८ मध्ये डीएनए तपासणी झाली आणि शिलर म्हणून जपलेली कवटी त्याची नव्हेच असे निष्पन्न झाले. आज ती पेटी रिकामी आहे. थोडक्यात, थोरांविषयी गोड गोष्टी रचण्याचा मक्ता केवळ आपल्याकडे नाही.

१३/
पुतळ्यामागचे नाट्यगृह मात्र दंतकथेचे नव्हे, कायद्याचे ठिकाण. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला, कैसर पळाला, बर्लिनच्या रस्त्यांवर गोळीबार चालू होता. म्हणून ६ फेब्रुवारी १९१९ रोजी नवनिर्वाचित राष्ट्रीय सभा या शांत गावातील नाट्यगृहात भरली. त्या निवडणुकीत स्त्रियांनी प्रथमच मतदान केले होते आणि ३७ स्त्रिया निवडून आल्या होत्या. १९ फेब्रुवारीला मारी युखाच बोलावयास उभी राहिली. जर्मन संसदेत झालेले ते पहिले स्त्रीचे भाषण. ३१ जुलैला राज्यघटना संमत झाली, आणि प्रजासत्ताकाला गावाचे नाव कायमचे चिकटले.

१४/
येथे लातूरच्या मित्राला कंठ फुटला. स्पर्धा परीक्षेची तयारी केलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न पाठ असतो: भारतीय राज्यघटनेतील कोणती तरतूद वायमार राज्यघटनेवरून घेतली? उत्तर: आणीबाणीच्या काळात मूलभूत हक्कांची स्थगिती. “दोन वर्षं मी हे एका गुणासाठी पाठ केलं,” तो म्हणाला, “आणि वायमार हे माणसाचं नाव आहे की गावाचं, हेही कधी पाहिलं नाही.” नाट्यगृहाच्या भिंतीवरील स्मृतिफलकापुढे तो बराच वेळ थांबला.

१५/
ती तरतूद म्हणजे कलम ४८. सुव्यवस्थेस धोका असल्यास राष्ट्राध्यक्षाने वटहुकूम काढून नागरिकांचे हक्क स्थगित करावेत, अशी मुभा त्यात होती. हेतू प्रजासत्ताक वाचविण्याचा होता. पहिला राष्ट्राध्यक्ष एबर्ट याने ती शंभरावर वेळा वापरली. १९३० नंतर तर संसदेला बाजूस सारून कारभार करण्याचा तो नित्याचा मार्ग झाला. २८ फेब्रुवारी १९३३ रोजी, संसदेची इमारत जळाल्याच्या दुसऱ्या दिवशी, याच कलमाखाली व्यक्तिस्वातंत्र्य, भाषण, सभा आणि टपालाची गुप्तता हे हक्क स्थगित झाले. ते हिटलरच्या राजवटीत पुन्हा परत आले नाहीत.

१६/
१९४९ मध्ये भारताच्या संविधान सभेत आणीबाणीच्या तरतुदींवर वाद झाला, तेव्हा ह. वि. कामत यांनी वायमार राज्यघटनेचे उदाहरण देऊन धोक्याचा इशारा दिला होता. त्या वेळी तो अतिरेकी वाटला. १९७५ नंतर वाटेनासा झाला. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने कलम २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, अशी व्यवस्था केली. म्हणजे या थंड चौकातील एका चुकीची दुरुस्ती भारताच्या संविधानात आहे.

१७/
दुपारी बाजारचौकात कोळशावर भाजलेले थुरिंगियाचे प्रसिद्ध सॉसेज मडगावच्या मित्राने दोनदा खाल्ले. इतरांनी बटाट्याचे गोळे आणि लाल कोबी. तेथेच वाद झाला. लातूरच्या मित्राला बसने डोंगरावर, बुखेनवाल्डला जायचे होते. नागपूरची म्हणाली, “सुट्टीचा एक दिवस. सकाळी गटेचं घर, दुपारी जेवण आणि मग छळछावणी? लोकांच्या मरणाला आपण यादीतलं एक ठिकाण करायचं?” तिचा आवाज चढला होता, आणि तिचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते.

१८/
लातूरचा मित्र थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “कलम ४८ कुठे जाऊन पोचलं, ते न पाहता परत गेलो, तर मीही एका गुणासाठीच आलो होतो असं होईल.” नातीने हळूच सांगितले, की तिलाही जायचे आहे, का, ते सांगता येणार नाही. शेवटी नागपूरच्या मैत्रिणीने एक अट घातली: वर कोणीही स्वतःचा फोटो काढायचा नाही. सर्वांनी ती मान्य केली. सहा क्रमांकाची बस मिळाली ती गटेच्याच नावाच्या चौकातून.

१९/
गावाच्या वायव्येस एटर्सबेर्ग हा ४७८ मीटर उंचीचा डोंगर आहे. गटे येथे फिरावयास येत असे. १५ जुलै १९३७ रोजी पहिले १४९ कैदी येथे आणले गेले, जंगल तोडून स्वतःचाच तुरुंग बांधण्यासाठी. छावणीस प्रथम डोंगराचे नाव द्यावयाचे ठरले होते. वायमारच्या नाझी सांस्कृतिक मंडळाने हरकत घेतली: एटर्सबेर्ग हे नाव गटेशी निगडित आहे. हरकत मान्य झाली, आणि ‘बुखेनवाल्ड’, म्हणजे बीच वृक्षांचे वन, असे निरागस नाव शोधण्यात आले. हरकत नावाला होती, छावणीला नव्हती.

२०/
बस ज्या रस्त्याने चढते, तो कैद्यांनीच बांधलेला. त्याला रक्ताचा रस्ता म्हणतात. गावातून डोंगरावर दिसतो तो १९५८ च्या स्मारकाचा घंटामनोरा. छावणी मात्र पलीकडच्या उत्तर उतारावर आहे, जेथे ऊन कमी आणि वारा अधिक. गावात सोसण्याजोगी असलेली थंडी वर आल्यावर हाडांत शिरली. चौघांच्या अंगावर जाड कोट होते. कैदी पट्ट्यापट्ट्यांच्या पातळ कपड्यांत हजेरीसाठी तासन्‌तास उभे राहत, हे वाक्य पुस्तकात वाचणे आणि त्या वाऱ्यात उभे राहून आठवणे यांत फरक असतो.

२१/
फाटकाच्या लोखंडी दारावर तीन शब्द आहेत: ‘येडेम दास झाइने’, ज्याचे त्याला. रोमन कायद्यातील न्यायाचे हे जुने वचन. ते आतून वाचता येते. बाहेरून उलटे दिसते. म्हणजे वाचक कैदीच. अक्षरे रेखाटली ती फ्रान्झ एर्लिख या कैद्याने. तो बाउहाउसचा विद्यार्थी. १९१९ मध्ये ग्रोपियसने वायमारमध्येच स्थापलेली ती कलाशाळा. उजव्या सरकारने अनुदान तोडल्यामुळे १९२५ मध्ये तिला गाव सोडावे लागले. नाझींना तिचा तिटकारा. एर्लिखने ‘ज्याचे त्याला’ लिहिले ते त्याच शाळेच्या वळणाने, आणि पहारेकऱ्यांच्या ते लक्षात आले नाही.

२२/
१९३७ ते १९४५ या काळात सुमारे २ लाख ८० हजार माणसे या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत डांबली गेली. सुमारे ५६ हजार मेली. ज्यू, रोमा आणि सिंती, राजकीय विरोधक, समलिंगी, यहोवाचे साक्षीदार आणि व्यापलेल्या देशांतून आणलेले मजूर. आठ हजारांहून अधिक सोव्हिएत युद्धकैद्यांना येथील घोड्यांच्या पागेत गोळ्या घातल्या गेल्या. यांतील असंख्यांना कोणत्याही न्यायालयाने शिक्षा दिली नव्हती. ‘संरक्षक कोठडी’ या सभ्य शब्दाखाली त्यांना आणता आले, कारण २८ फेब्रुवारी १९३३ चा वटहुकूम अद्याप लागू होता. नाट्यगृहातील कलमाची वाट येथे येऊन थांबते.

२३/
छावणीच्या आत एका ओक वृक्षाचे खोड जपलेले आहे. जंगल तोडताना तो वृक्ष राखला गेला. कैदी त्याला गटेचा ओक म्हणत. गटे याच झाडाखाली बसत असे, अशी त्यांची गोष्ट होती. तिलाही पुरावा नाही. हे झाड पडेल तेव्हा जर्मनीही पडेल, असेही काहीजण म्हणत. २४ ऑगस्ट १९४४ च्या बाँबहल्ल्यात ते जळाले आणि मग तोडले गेले. नात त्या खोडापाशी सर्वांत अधिक वेळ उभी होती. ज्यांच्याजवळ काहीच उरले नव्हते, त्यांनीही गटेची एक गोष्ट रचून जवळ बाळगली होती.

२४/
गाव आणि डोंगर यांच्यामध्ये भिंत होती, असा समज अनेक वर्षे जपला गेला. वस्तुस्थिती निराळी. छावणीचे स्वतःचे दाहगृह १९४० मध्ये होईपर्यंत मृतदेह वायमारच्या नगरपालिकेच्या दाहगृहात जाळले जात. युद्धात शिलरच्या घरातील सामान सुरक्षित राहावे म्हणून त्याच्या लिहिण्याच्या मेजाची हुबेहूब प्रतिकृती करविण्यात आली, ती याच छावणीतील कैद्यांकडून. ११ एप्रिल १९४५ रोजी छावणी मुक्त झाली; फाटकावरील घड्याळ आजही सव्वातीनच दाखविते. १६ एप्रिलला अमेरिकन सैन्याने सुमारे एक हजार नागरिकांना वर चालत नेऊन सारे पाहावयास लावले. आम्हांला ठाऊक नव्हते, असे अनेकजण म्हणाले.

२५/
गोष्ट तेथेही संपली नाही. १९४५ ते १९५० या काळात सोव्हिएत सत्तेने त्याच बराकींत आपली छावणी चालविली. सुमारे २८ हजार माणसे डांबली आणि सात हजारांहून अधिक उपासमार व रोगराईने मेली. पूर्व जर्मनीने १९५८ मध्ये भव्य स्मारक उभारले, त्यात साम्यवादी कैद्यांच्या शौर्याची गाथा होती. या दुसऱ्या छावणीचा शब्दही नव्हता. ती कबरस्ताने झाडीत दडून राहिली. त्यांच्याविषयी उघडपणे बोलता आले ते भिंत पडल्यानंतर. सत्ता बदलली की गोष्ट बदलते. मेलेली माणसे तेवढी जागच्या जागी राहतात.

२६/
हजेरीच्या मोकळ्या मैदानात जमिनीलगत बसविलेली एक धातूची पाटी आहे. सुटकेनंतर आठच दिवसांनी, १९ एप्रिल १९४५ रोजी, जिवंत राहिलेल्या कैद्यांनी येथे लाकडी स्तंभ उभारून आपल्या मृतांना मानवंदना दिली होती. त्या जागी १९९५ मध्ये होर्स्ट होहाइझेल आणि आंद्रेआस क्निट्झ यांनी ही पाटी बसविली. तीवर कैद्यांच्या पन्नासाहून अधिक राष्ट्रसमूहांची नावे कोरलेली आहेत. ती वर्षभर ३७ अंश सेल्सिअसवर ठेवलेली असते, म्हणजे जिवंत माणसाच्या देहाएवढी उबदार. उन्हाळ्यात हे सहज ध्यानात येत नाही. त्या दिवशी सारे मैदान पांढरे होते आणि तेवढा चौकोन काळा, ओला.

२७/
यायला नको म्हणणारी नागपूरची मैत्रीण सर्वांत आधी गुडघ्यांवर बसली. हातमोजा काढून तिने तळवा पाटीवर ठेवला. मग एकेकाने ठेवला. बर्फ पडत होता आणि पाटीवर पडताच विरत होता. कोणी काही बोलले नाही. बसमध्ये ती एवढेच म्हणाली, “मी म्हणत होते ते चूक नव्हतं. पण आले ते बरं केलं.” लातूरच्या मित्राने मान हलविली.

२८/
पाच वाजता, स्टेशनच्या प्रतीक्षालयात, वाईहून कॉल आला. आजोबा शाल पांघरून बसले होते.
“सापडली का गं खोली?”
“नाही, आबा. नाच झालाच नव्हता. पुरावा कुठेच नाही. पण त्यांनी कविता लिहिली होती, आणि एक्क्याऐंशीव्या वर्षीसुद्धा शाकुंतलाबद्दल पत्र लिहिलं होतं.”
पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, “एक्क्याऐंशीव्या वर्षी? हे मला ठाऊक नव्हतं. नाचापेक्षा हे मोठं आहे, बाळ. नाच एका दिवसाचा असतो.” तिच्या खांद्यांवरचे ओझे उतरल्याचे शेजारच्यांना दिसले.

२९/
मग तिने डोंगराची हकीकत सांगितली. नावाला घेतलेली हरकत, ओकचे खोड, शिलरचे मेज. आजोबांनी मध्ये एकदाही थांबविले नाही. शेवटी म्हणाले, “म्हणजे ज्यांनी हरकत घेतली, त्यांनी गटे वाचलेला होता.”
“हो, आबा.”
“तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, की चांगलं वाचलं की माणूस चांगला होतो. गटे नाचला, हे खोटं निघालं त्याचं मला काही वाटत नाही. हे दुसरं खोटं निघालं, ते मोठं आहे.” नातीला उत्तर सुचले नाही. ते देण्याचा प्रयत्नही तिने केला नाही.

३०/
गाडीची घोषणा झाली. फोन ठेवण्याआधी आजोबा म्हणाले, “खोलीचा फोटो राहू दे. त्या पाटीचा असला तर पाठव.” कोणीही स्वतःचा फोटो काढायचा नाही, ही अट पाळली गेली होती, पण पाटीचा एक फोटो तिच्याजवळ होता. तो फारसा चांगला आला नव्हता. ऊब फोटोत दिसत नाही. दिसत होते ते एवढेच: चारी बाजूंना बर्फ, मध्ये एक ओला चौकोन, आणि काठावर चौघांच्या बुटांचे ठसे. तिने तो पाठविला, आणि खाली लिहिले: “आबा, ही गरम असते. हात लावून पाहिला आहे.”

#थ्रेड समाप्त